विश्लेषण : रॉकस्टारची 'सर्वांत भारी' कॉन्सर्ट नेमकं कोण ठरवतं? ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या चाहत्यांचा ५० वर्षं न मिटलेला वाद

एकाच गायकाचे दोन जुने चाहते भेटले की एक वाद ठरलेला असतो. त्याची सर्वांत भारी कॉन्सर्ट कोणती? अमेरिकी रॉकस्टार ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या चाहत्यांमध्ये हा वाद जवळपास ५० वर्षं सुरू आहे. कुणी १९७८च्या पसेइकचं नाव घेतं, कुणी १९८८च्या पूर्व बर्लिनचं, तर कुणी २०१२च्या हेलसिंकीचं. नुसतं साल आणि गावाचं नाव उच्चारलं तरी समोरच्याला बाकीचं सगळं कळतं.

२०२५मध्ये स्प्रिंगस्टीन पुन्हा चर्चेत आला. मे महिन्यात इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या मंचावरून त्याने ट्रम्प सरकारवर कडक टीका केली आणि ट्रम्प यांनीही समाजमाध्यमावरून त्याला तिखट उत्तर दिलं. ऑक्टोबरमध्ये त्याच्या आयुष्यावरचा 'स्प्रिंगस्टीन : डिलिव्हर मी फ्रॉम नोव्हेअर' हा चित्रपट आला. साहजिकच जुन्या कॉन्सर्ट्सच्या आठवणीही पुन्हा निघाल्या.

या आठवणी नीट पाहिल्या तर एक गंमत लक्षात येते. चाहत्यांच्या यादीत वर असलेल्या अनेक कॉन्सर्ट्स त्या वेळी सभागृहात हजर असलेल्यांपेक्षा हजर नसलेल्यांनीच जास्त ऐकल्या आहेत. असं का झालं? आणि आजच्या महागड्या तिकिटांशी याचा काय संबंध?

स्प्रिंगस्टीनच्या कॉन्सर्टचं एवढं कौतुक का?

स्प्रिंगस्टीनचा जन्म १९४९चा, न्यू जर्सी राज्यातला. घर कष्टकऱ्यांचं. कारखान्यातले कामगार, बंद पडलेल्या गिरण्या, गाव सोडून पळू पाहणारी तरुण मुलं हे त्याच्या गाण्यांचे विषय. १९७५च्या 'बॉर्न टू रन' या अल्बमने त्याला नाव मिळवून दिलं आणि १९८४च्या 'बॉर्न इन द यूएसए'ने जगभर पोहोचवलं.

पण त्याची खरी ख्याती रेकॉर्डपेक्षा मंचावरची. मे १९७४मध्ये केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या एका थिएटरात त्याला ऐकल्यावर जॉन लँडाऊ या समीक्षकाने आपल्याला रॉक संगीताचं भविष्य दिसल्याचं लिहून टाकलं. पुढे हाच लँडाऊ त्याचा निर्माता आणि व्यवस्थापक झाला.

'ई स्ट्रीट बँड' या साथीदारांसोबतची त्याची कॉन्सर्ट अनेकदा तीन तास किंवा त्याहूनही जास्त चालते. शिवाय बहुतेक दौऱ्यांत गाण्यांची यादी रोज थोडी बदलते. एखादं गाणं वर्षानुवर्षं येत नाही आणि एखाद्या रात्री अचानक येतं. २००९च्या सुमारास तर चाहते फरमाइशीचं गाणं पुठ्ठ्यावर लिहून आणायचे आणि तो गर्दीतून ते पुठ्ठे गोळा करून त्यातलं एखादं गायचा. त्यामुळे एकच कॉन्सर्ट पाहून चाहत्यांचं भागत नाही. कुठल्या रात्री कुठलं गाणं झालं याच्या याद्या ते तारखेनिशी ठेवतात. 'सर्वांत भारी कोणती' हा वाद रंगतो तो यामुळेच. रोजची कॉन्सर्ट सारखी असती तर वादाला जागाच उरली नसती.

यादीत १९७८ हे साल पुन्हा पुन्हा का येतं?

'डार्कनेस ऑन द एज ऑफ टाऊन' हा अल्बम जून १९७८मध्ये आला. त्याआधी जुन्या व्यवस्थापकाशी चाललेल्या कोर्टकज्ज्यामुळे स्प्रिंगस्टीनला बराच काळ नवीन रेकॉर्ड करता आली नव्हती. 'बॉर्न टू रन'नंतर जवळपास तीन वर्षांचा खंड पडला होता. लोक आपल्याला विसरतील अशी धास्ती होती आणि रेडिओवर वाजेल असं मोठं हिट गाणंही हाती नव्हतं.

यावर एक उपाय निघाला. दौऱ्यातल्या पाच कॉन्सर्ट्स एफएम रेडिओवरून थेट प्रक्षेपित झाल्या. ७ जुलैला लॉस एंजेलिसचं रॉक्सी, ९ ऑगस्टला क्लीव्हलँडचं अगोरा, १९ सप्टेंबरला न्यू जर्सीतल्या पसेइकचं कॅपिटल थिएटर, ३० सप्टेंबरला अटलांटाचं फॉक्स थिएटर आणि १५ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोचं विंटरलँड.

तो काळ कॅसेटचा. हजारो लोकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर या कॉन्सर्ट्स भरून घेतल्या. रॉक्सीच्या प्रक्षेपणात तर खुद्द स्प्रिंगस्टीनने मंचावरून बूटलेग करणाऱ्यांना, म्हणजे विनापरवाना रेकॉर्डिंग करून विकणाऱ्यांना, टेप सुरू करा असं गमतीने सांगितलं होतं. पुढे हा धंदा वाढल्यावर त्याने आणि त्याच्या रेकॉर्ड कंपनीने अशा लोकांना कोर्टात खेचलं, तो भाग वेगळा. पण तोवर कॅसेट हातोहात पसरल्या होत्या. एकाची दुसऱ्याने नक्कल करायची, दुसऱ्याची तिसऱ्याने. १९७८मध्ये जे शाळेत होते, जे दुसऱ्या देशात होते, जे जन्मालाही आले नव्हते, त्यांनीही पुढे याच पाच रात्री ऐकल्या.

त्या वर्षी स्प्रिंगस्टीनने शंभरहून जास्त कॉन्सर्ट्स केल्या होत्या. बँड तेव्हा ऐन भरात होता हे रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही. प्रक्षेपित न झालेल्या रात्रीही तितक्याच जबरदस्त असतील, कदाचित जास्तही. पण त्यांची आठवण त्या त्या सभागृहातल्या लोकांपुरतीच उरली. जे टेपवर आलं, ते सगळ्यांचं झालं.

म्हणजे १९७८च्या दौऱ्याची थोरवी खोटी नाही. मात्र त्यातल्या नेमक्या कोणत्या पाच रात्री अमर होणार, हे संगीताइतकंच रेडिओने ठरवलं.

आठवण आणि रेकॉर्डिंग यांत मेळ बसला नाही तर?

याचं सर्वांत बोलकं उदाहरण खुद्द स्प्रिंगस्टीनचंच आहे. १८ नोव्हेंबर १९७५ला लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये त्याची पहिली परदेशी कॉन्सर्ट झाली. त्याच्या काही आठवडे आधी 'टाइम' आणि 'न्यूजवीक' या दोन्ही अमेरिकी साप्ताहिकांनी एकाच आठवड्यात त्याला मुखपृष्ठावर छापलं होतं. लंडन त्याच्यासाठी अखेर तयार झालं आहे, अशा थाटाची पोस्टर्स थिएटरभर लावलेली होती. हा गाजावाजा पाहून तो इतका वैतागला की त्याने पोस्टर्स फाडली.

त्या रात्रीची त्याची स्वतःची आठवण वाईट होती. आपण नीट गायलोच नाही, अशी त्याची समजूत होती. कॉन्सर्टचं चित्रीकरण झालं होतं, पण ते जवळपास ३० वर्षं तसंच पडून राहिलं. २००५मध्ये ते प्रसिद्ध झालं तेव्हा चाहत्यांना दिसला तो जीव ओतून गाणारा २६ वर्षांचा तरुण आणि त्याच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवणारा बँड. चित्रण पाहिल्यावर स्प्रिंगस्टीनलाही आपलं मत बदलावं लागलं. आज ही कॉन्सर्ट अनेक चाहत्यांच्या यादीत मानाने आहे.

गायकाच्या मनात त्या रात्रीचा ताण साठला होता. कॅमेऱ्याने फक्त गाणं टिपलं. यातलं खरं काय, याचं उत्तर सोपं नाही. पण रेकॉर्डिंग नसतं तर ती कॉन्सर्ट 'फसलेली' म्हणूनच इतिहासात गेली असती.

फक्त चांगलं गायल्याने कॉन्सर्ट अविस्मरणीय होते का?

चाहत्यांच्या यादीत आणखी एक प्रकार सापडतो. बाहेरच्या जगातली एखादी मोठी घटना त्या रात्री थेट सभागृहात शिरलेली असते.

८ डिसेंबर १९८०ला न्यूयॉर्कमध्ये जॉन लेननची हत्या झाली. स्प्रिंगस्टीन त्या रात्री फिलाडेल्फियात गात होता आणि दुसऱ्या दिवशी तिथेच पुन्हा कॉन्सर्ट होती. ती रद्द करावी का, यावर बँडमध्ये चर्चा झाली. शेवटी ती झाली. सुरुवातीला तो लेननबद्दल बोलला आणि शेवट बीटल्सनी घराघरात पोहोचवलेल्या 'ट्विस्ट अँड शाऊट'ने झाला. त्या रात्री हजर असलेले लोक आजही आधी सांगतात ते सभागृहातलं वातावरण, गाण्यांचा क्रम नंतर.

२०००मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने 'अमेरिकन स्किन (४१ शॉट्स)' हे गाणं गायलं. आदल्या वर्षी अमादू डायलो या निःशस्त्र स्थलांतरित तरुणावर पोलिसांनी ४१ गोळ्या झाडल्या होत्या आणि त्या चार पोलिसांची निर्दोष सुटका झाली होती. शहरातल्या पोलिसांच्या संघटनेने कॉन्सर्टवर बहिष्काराची हाक दिली. सभागृहात टाळ्याही पडल्या आणि हुर्योही उडाली.

एप्रिल २००६मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या जॅझ महोत्सवात तो वेगळ्या साथीदारांसह आला. कॅट्रिना वादळाने शहर बुडवल्यानंतरचा हा पहिलाच महोत्सव. १९२९ सालच्या एका जुन्या गाण्यात त्याने पुराबद्दलची नवी कडवी जोडली होती. आपलं घर गमावलेले लोक समोर उभे होते. ज्यांनी त्याला अनेकदा पाहिलं आहे, असे कित्येक जण त्या दुपारचं नाव आजही वरच्या क्रमांकावर घेतात.

पूर्व बर्लिनच्या कॉन्सर्टने खरंच भिंत पाडली का?

या प्रकारातली सर्वांत गाजलेली कॉन्सर्ट १९ जुलै १९८८ची. स्थळ होतं कम्युनिस्ट पूर्व बर्लिनमधलं वायसेन्झे इथलं सायकल शर्यतींचं मैदान. आयोजक होती सरकारी युवक संघटना. पश्चिमेकडच्या रॉक संगीतासाठी तरुण आसुसलेले होते. वर्षभरापूर्वी पश्चिम बर्लिनमध्ये भिंतीजवळ डेव्हिड बोवी आणि इतरांचे कार्यक्रम झाले तेव्हा अलीकडे ऐकायला जमलेल्या तरुणांची पोलिसांशी झटापट झाली होती. त्यापेक्षा एखादा रॉकस्टार आपणच बोलावलेला बरा, असा हिशेब सरकारने केला.

१ लाख ६० हजार तिकिटं विकली गेली. प्रत्यक्षात गर्दी त्याहून बरीच मोठी असल्याचे अंदाज आहेत. ही कॉन्सर्ट निकाराग्वाच्या समर्थनार्थ आहे, असं आयोजकांनी परस्पर जाहीर केलं होतं. ते कळल्यावर स्प्रिंगस्टीन चिडला. त्याने मंचावरून मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की, तो कुठल्या सरकारच्या बाजूने किंवा विरोधात आलेला नाही. एक दिवस सगळे अडथळे दूर होतील या आशेने तो गायला आला आहे. आधी ठरलेला 'भिंती' हा शब्द ऐनवेळी बदलून 'अडथळे' केला होता. पण समोरच्यांना जे कळायचं ते कळलं.

१६ महिन्यांनी, ९ नोव्हेंबर १९८९ला बर्लिनची भिंत कोसळली. त्यामुळे 'स्प्रिंगस्टीनने भिंत पाडली' असं काही जण हौसेने सांगतात. ते अतिशयोक्तीचं आहे. सोव्हिएत धोरणातला बदल, हंगेरीने उघडलेली सीमा, लाइपझिगच्या रस्त्यांवरची आंदोलनं ही कारणं कितीतरी मोठी होती. मात्र एवढं निश्चित की, त्या रात्री एका बंदिस्त देशातल्या लाखो तरुणांनी एकत्र येऊन मनातली इच्छा मोठ्याने गायली. पूर्व जर्मनीत वाढलेली एक अख्खी पिढी ही आठवण सांगते.

याच वर्षी स्प्रिंगस्टीन भारतातही आला होता. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या 'ह्यूमन राइट्स नाऊ' या जगभरच्या दौऱ्यात ३० सप्टेंबर १९८८ला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर तो स्टिंग, पीटर गॅब्रिएल, ट्रेसी चॅपमन आणि यूसू एनदूर यांच्यासोबत गायला. परदेशी रॉकस्टार भारतात क्वचितच येत असण्याचा तो काळ. त्यामुळे इथल्या जुन्या रॉकप्रेमींच्या गप्पांत दिल्लीची ती संध्याकाळ अजूनही निघते.

सर्वांत लांब कॉन्सर्ट म्हणजे सर्वांत चांगली का?

आकड्यांच्या बाजूने बोलणारे चाहते ३१ जुलै २०१२च्या हेलसिंकीकडे बोट दाखवतात. ती ४ तास ६ मिनिटं चालली आणि त्यात ३३ गाणी झाली. त्याच्या कारकिर्दीतली ती सर्वांत लांब कॉन्सर्ट. तेव्हा तो ६२ वर्षांचा होता.

पण घड्याळ न पाहणारे चाहतेही आहेत. ते २२ नोव्हेंबर २००९च्या बफेलोचं नाव घेतात. सॅक्सोफोनवादक क्लॅरेन्स क्लेमन्स बँडसोबत पूर्ण कॉन्सर्ट वाजवताना दिसला, ती ही शेवटची. जून २०११मध्ये तो गेला. त्या रात्री हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कॉन्सर्टची किंमत नंतरच्या घटनेने वाढवली.

मग तिकिटांचा वाद मध्येच कुठून आला?

जुलै २०२२मध्ये स्प्रिंगस्टीनच्या नव्या दौऱ्याची तिकिटं विक्रीला निघाली आणि चाहत्यांना धक्का बसला. काही तिकिटांची किंमत ४ ते ५ हजार डॉलरपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या दराने ३ ते ४ लाख रुपयांपर्यंत चढली. कारण होतं 'डायनॅमिक प्रायसिंग'. विमानाचं तिकीट किंवा पावसात ॲपवरची टॅक्सी जशी मागणी वाढली की महागते, तसाच हा प्रकार.

विक्री करणाऱ्या टिकटमास्टर कंपनीचं म्हणणं असं होतं की, अशी तिकिटं एकूण तिकिटांच्या ११.२ टक्केच होती आणि सरासरी किंमत २६२ डॉलर होती. स्प्रिंगस्टीननेही निर्णयाचं समर्थन केलं. नाहीतरी काळाबाजारवाले हीच तिकिटं चढ्या दराने विकतात, मग तो पैसा मंचावर घाम गाळणाऱ्यांना का मिळू नये, असा त्याचा मुद्दा होता. त्यात तथ्य नाही असं म्हणता येत नाही.

पण आयुष्यभर कामगारांची गाणी गाणाऱ्या माणसाची कॉन्सर्ट कामगाराला परवडू नये, हे अनेकांना झोंबलं. १९८०पासून त्याच्या चाहत्यांसाठी निघणारं 'बॅकस्ट्रीट्स' हे नियतकालिक सर्वांत जास्त दुखावलं गेलं. कुठल्या रात्री काय गायलं, कोण कुठून आलं होतं, याच्या नोंदी ठेवण्यात त्याने ४० वर्षांहून जास्त काळ घालवला होता. फेब्रुवारी २०२३मध्ये, दौरा सुरू होत असतानाच, ते बंद करत असल्याचं संपादकांनी जाहीर केलं. अनेक वाचकांना जाणं परवडत नाही किंवा जावंसं वाटत नाही, अशा दौऱ्याचं वार्तांकन पूर्वीच्या उत्साहाने करता येणार नाही, हे त्यामागचं कारण होतं.

महाराष्ट्रातल्या संगीतप्रेमींना हा अनुभव नवा नाही. जानेवारी २०२५मधल्या नवी मुंबईतल्या कोल्डप्लेच्या कॉन्सर्ट्ससाठी सप्टेंबर २०२४मध्ये तिकीटविक्री सुरू झाली तेव्हा लाखो लोक ऑनलाइन रांगेत अडकले. पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर काही हजारांची तिकिटं लाखाच्या घरात दिसू लागली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेला चौकशी करावी लागली. मात्र त्याच दौऱ्यात २६ जानेवारीची अहमदाबादची कॉन्सर्ट डिस्ने प्लस हॉटस्टारवर थेट दाखवली गेली. ज्यांना तिकीट मिळालं नाही, तेही त्या रात्रीत सामील झाले. १९७८मध्ये रेडिओने केलं होतं ते हेच.

पुढच्या पिढीच्या यादीत काय असेल?

आता रेकॉर्डिंगची टंचाई नाही. स्प्रिंगस्टीनने २०१४पासून आपल्या कॉन्सर्ट्सची अधिकृत रेकॉर्डिंग्ज इंटरनेटवर विकायला सुरुवात केली. १९७८ची अगोराची कॉन्सर्टही त्यात आली. नव्या दौऱ्यातल्या कॉन्सर्ट्सही अशाच उपलब्ध होतात. त्याशिवाय हजारो मोबाइलवरचे तुकडे आहेतच.

पण सगळंच उपलब्ध झाल्यावर सगळ्यांनी मिळून एकच ऐकलेलं असं फारसं उरत नाही. पाच कॅसेट होत्या तेव्हा न्यू जर्सीचा माणूस आणि स्वीडनचा माणूस एकाच रात्रीबद्दल भांडू शकत होते. आज शेकडो रात्री समोर आहेत आणि प्रत्येकाची आवडती वेगळी. चाहत्यांच्या यादीत जुनी नावं घट्ट बसून आहेत, त्याचं हेही एक कारण.

दुसरं कारण तिकिटाचं. आठवण तयार व्हायला आधी दारातून आत जावं लागतं. १९७८मध्ये खिशात फार पैसे नसलेला विद्यार्थीही आत जाऊ शकत होता आणि ज्याला जमलं नाही त्याच्यासाठी रेडिओ होता. आज ज्याला तिकीट परवडत नाही, त्याच्या वाट्याला मोबाइलवरचे अर्ध्या मिनिटाचे तुकडे येतात. त्यातून गाणं कळतं, पण तीन तासांची रात्र कशी चढत गेली ते कळत नाही.

चाहत्यांनी जमवलेलं मात्र वाया गेलेलं नाही. 'बॅकस्ट्रीट्स'च्या पुढाकाराने २००१मध्ये न्यू जर्सीतल्या ॲसबरी पार्कच्या सार्वजनिक वाचनालयात मासिकं, कात्रणं आणि कार्यक्रमपत्रिका यांचा संग्रह उभा राहिला होता. तो २०११मध्ये मॉनमाउथ विद्यापीठात गेला आणि २०१७मध्ये या विद्यापीठाकडे स्प्रिंगस्टीनचं अधिकृत अभिलेखागार आलं. चाहत्यांनी हौसेने ठेवलेल्या नोंदी आता अभ्यासकांचं साधन झाल्या आहेत.

पसेइकचं सुमारे तीन हजार आसनांचं कॅपिटल थिएटर १९९१मध्ये पाडलं गेलं. विंटरलँडही उरलेलं नाही. पण तिथल्या त्या रात्रींवरून आज हिरिरीने भांडणाऱ्यांतले बहुतेक जण त्या इमारतींत कधी गेलेच नव्हते. कुणीतरी रेडिओ लावला, कुणीतरी कॅसेट भरली आणि ती मित्राला फुकट दिली, म्हणून ते भांडू शकतात.